दिमिष्कावरचं भाकीत आजच्या बातमीसाठी नाही

डिसेंबर २०२४ मध्ये सीरियात राष्ट्राध्यक्ष बशर अल-असद यांची सत्ता कोसळली आणि बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातली १७:१ ही ओवी पुन्हा मोबाइलवर फिरू लागली: दिमिष्क (सीरियाची राजधानी दमास्कस) नगर राहणार नाही, ढिगारा होईल. सोबतचा मजकूर सांगतो, की हे नगर इतिहासात कधीच उद्ध्वस्त झालं नाही, म्हणून भाकीत आत्ता पूर्ण होतंय. देवाने सीरियाचा न्याय केला, विश्वासणाऱ्यांनी आनंद करावा.

‘कधीच नाही’ हे साफ चूक आहे. यशयाच्या हयातीतच अरामाचा, म्हणजे दिमिष्काच्या राज्याचा, राजा रसीन आणि उत्तरेकडच्या इस्राएलाचा राजा पेकह यांनी मिळून यहूदाच्या यरुशलेमवर चाल केली होती. इ. स. पू. ७३२ मध्ये अश्शूरचा राजा तिग्लथ-पिलेसर याने दिमिष्क घेतलं, रसीनला मारलं आणि लोकांना कीर येथे नेलं (२ राजे १६:९). आमोस संदेष्ट्याने हेच आधी सांगितलं होतं, कीरचं नाव घेऊन (१:५). दिमिष्काच्या १६ जिल्ह्यांतली ५९१ गावं महापुरानंतरच्या ढिगाऱ्यांसारखी केली, अशी बढाई तिग्लथ-पिलेसरच्या स्वतःच्या लेखांत आहे.

नगर पुढे पुन्हा वसलं, म्हणून भाकीत बाकी आहे म्हणावं, तर मीखा संदेष्ट्याचं काय? यरुशलेम ढिगारे होईल, असं तो म्हणाला (३:१२). यहूदाचा राजा हिज्कीया याने देवाचं भय धरलं आणि ते अरिष्ट टळलं, हे यिर्मयाच्या २६व्या अध्यायात नमूद आहे. पश्चात्तापाला वाव ठेवूनच संदेष्टे बोलत.

मजकूर पहिल्याच ओवीवर थांबतो, याचं मला सर्वाधिक दुःख आहे. तिसऱ्या ओवीत एफ्राइमाची, म्हणजे इस्राएलाची, तटबंदी जाते, चौथीत याकोबाचं, म्हणजे त्याच लोकांचं, वैभव क्षीण होतं, दहावीत कारण येतं: तू आपल्या तारणाऱ्या देवाला विसरलास. म्हणजे अध्यायाचा बराचसा भाग देवाच्या स्वतःच्या लोकांवर आहे! आमोसही दिमिष्कापासून सुरुवात करून शेजारी राष्ट्रं एकेक घेतो आणि यहूदा व इस्राएलावर येऊन ठेपतो. पुढे तर तो विचारतो, मिसरातून इस्राएलाला आणणाऱ्यानेच अरामी लोकांना कीरहून आणलं नाही का (९:७)? देव सर्व राष्ट्रांचा प्रभू आहे तो असा. अश्शूर त्याच्या रागाची काठी होता, तरी उन्मत्तपणाबद्दल त्यालाही जाब द्यावा लागला (यशया १०).

राहिला आनंद. २२ जून २०२५ रोजी, रविवारच्या उपासनेत, दिमिष्कातल्या मार इलियास चर्चवर आत्मघाती हल्ला झाला. वीसहून अधिक भाविक मारले गेले. यज्ञ करताना रोमी सुभेदार पिलाताने कापून काढलेल्या गालीलकरांची बातमी येशूकडे आली, तेव्हा ते इतरांहून अधिक पापी होते का, असं त्याने विचारलं. स्वतःच ‘नाही’ म्हणाला, आणि पश्चात्ताप करायला सांगितलं ते समोर उभ्या असलेल्यांना (लूक १३:१-३).