रोहूची ॲलर्जी येत नाही म्हणे!

काल मावशी भिगवणवरून येताना दोन किलो रोहू घेऊन आली, खास आमच्या पुतण्यासाठी. त्याला सुरमईने अंगभर गांधी उठतात, मागे एकदा ओठ सुजून श्वास लागला आणि रात्री ॲडमिट करावं लागलं, हे घरात सगळ्यांना माहितीये. तरी रोहू का, तर फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आलाय: माशाची ॲलर्जी समुद्राच्या पाण्यातल्या आयोडीनमुळे होते, धरणा-नदीतल्या माशाला ती नसते, हळद-लिंबू लावून नीट शिजवला की उरलीसुरलीही मरते, मुलांना थोडं थोडं देऊन सवय लावा.

आयोडीनचं एका वाक्यात संपवतो. तसं असतं तर पोराला रोजच्या वरणभातानेच गांधी उठल्या असत्या, आपल्या मिठात काय असतं ते पुडीवर वाचा.

आता 'गोड्या पाण्यातला चालतो'. ह्यानेच माझं डोकं फिरलं. ॲलर्जी पाण्याची नसते हो, माशाच्या मांसातल्या प्रथिनाची असते. मुख्य गुन्हेगार पार्व्हाल्ब्युमिन, स्नायूतलं कॅल्शियम धरून ठेवणारं छोटंसं प्रथिन, पांढऱ्या मांसात जास्त. ॲलर्जी करणारं म्हणून ते आधी समुद्रातल्या कॉडमध्ये ओळखलं गेलं, नॉर्वेत, हे मान्य. पण त्याची रचना कशी असते हे क्रेटसिंगर आणि नॉकोल्ड्स ह्या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये दाखवलं ते कशावरून? कार्पवरून! म्हणजे आपल्याकडे तळ्यात सोडतात तो सायप्रिनस, पक्का गोड्या पाण्यातला, रोहू-कटला त्याचेच भाऊबंद. आणि माशाची ॲलर्जी आहे का हे बघायला रक्तात ज्या प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडी तपासतात त्यात कॉडच्या जोडीला ह्याच कार्पचं पार्व्हाल्ब्युमिन असतं. दोघांची ठेवण इतकी सारखी की एकावर भडकलेलं शरीर बऱ्याचदा दुसऱ्यालाही सोडत नाही. ज्या माशाचं प्रथिन तपासणीला वापरतात त्याचाच चुलतभाऊ पोराला 'सेफ' म्हणून वाढायचा!

शिजवण्याचं म्हणाल तर हे प्रथिन उकळत्या कालवणातही तग धरतं, शिवाय पाण्यात विरघळतं, म्हणजे 'तुकडा नको, नुसता रस्सा दे' हाही उपाय नाही, काहींना तर शिजताना येणाऱ्या वाफेनेही त्रास होतो. हळद-लिंबाने जातो तो वास. हां, एनोलेज आणि अल्डोलेज ही माशातली दुसरी प्रथिनं उष्णतेने बरीच मोडतात, तेवढं खरं, पण आपल्या पोराला नेमकी कशाची आहे हे फॉरवर्डवाल्याला कसं कळलं?

अजून एक अर्धसत्य देऊन टाकतो. बर्फाशिवाय तासन् तास पडलेला बांगडा खाऊन तोंड लाल होतं, पुरळ येतं, ते खरंच ॲलर्जी नसतं, माशात साचलेल्या हिस्टामीन नावाच्या रसायनाचा तो प्रकार. आणि एक मासा चालत नाही म्हणून सगळेच चालत नाहीत असंही नाही, काहींना ठराविक मासे पचतात. पण ते ठरवायचं ॲलर्जीच्या डॉक्टरने, तपासणी करून, गरज पडली तर हॉस्पिटलमध्ये त्यांच्या डोळ्यासमोर खायला घालून. 'थोडं थोडं देऊन सवय'वाल्यांनी तर ह्या भानगडीत पडूच नये, ॲलर्जीचा झटका आला तर लगेच द्यायचं इंजेक्शन घरात घेऊन कोण बसलंय?

रोहू आम्ही मोठ्यांनीच खाल्ला, मागच्या अंगणात वेगळ्या पातेल्यात करून. पोराला अंडाकरी. मावशी अजून फुगलेलीच आहे.