घर म्हणू की हॉस्टेल?

परत तेच! सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतोय, म्हणजे खोली नाही, फक्त एका कॉटचं भाडं, टू बीएचकेत नऊ कॉट, हॉलमध्ये प्लायवूडचं पार्टिशन, बाथरूम एक, सकाळी सातला बादली घेऊन लाइनीत उभं राहायचं. आणि हॉस्टेलच्या लायसन्सचं विचारलं की मालक काका म्हणणार "अरे हॉस्टेल कुठंय, घर आहे हे". बरं, घर तर घर, मग ॲग्रीमेंट करा ना! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याने राहण्याचा करार, लेखी आणि रजिस्टर्डच लागतं, जबाबदारी मालकाची, नाही केलं तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे वाचून दाखवलं तर म्हणे "तू एमपीएससीचं बघ, वकिली नको करू".

परवा बँकेत पत्त्याचा पुरावा मागितला. माझ्याकडे काय, तर डिपॉझिट घेतल्याचं वहीचं फाटकं पान, त्यावर सहीसुद्धा नाही!

गंमत म्हणजे जीएसटीवाल्यांना आम्ही दिसतो, २०२४ मध्ये महिना २० हजारांपर्यंत भाडं आणि सलग ९० दिवस मुक्काम असेल तर भाड्यावरच्या करातून सूट दिली त्यांनी. पण एका खोलीत किती कॉट कोंबायच्या, आग लागली तर पोरं पळणार कुठून, हे बघायला आजवर कोणी फिरकलं नाही. मागचं दार होतं एक, तिथे आता दहावी कॉट आलीये. तीही बुक झाली म्हणे.