सुटकेनंतर तो रुग्ण कोणाचा?

कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहाविषयी गोव्यात जो वाद चालतो, तो अमेरिकेत बसून वाचताना मला एक गोष्ट सतत खटकते. बराकीत मोबाइल सापडले, अमली पदार्थ सापडले, कैद्यांचे फार लाड होतात की हाल होतात, यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरतात आणि विधानसभेतही आवाज चढतात. त्याला जोडूनच दुसरा वाद येतो: आत असलेल्यांत परप्रांतीय किती, परदेशी किती, आणि त्यांच्यासाठी गोमेकॉतल्या, म्हणजे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळातल्या, खाटा का अडवाव्यात. आत गेलेला माणूस आज ना उद्या बाहेर पडणार आहे आणि त्या दिवशी त्याच्या हातात कोणत्या गोळ्या, कोणती चिठ्ठी आणि कोणत्या दवाखान्याची तारीख असेल, हा प्रश्न मात्र या दोन्ही वादांत कुठेच येत नाही.

मी मूळची पेडण्याची. न्यू जर्सीतल्या एका काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) तुरुंगात परिचारिका, समुपदेशक आणि समाजसेवक यांच्या कामावर देखरेख ठेवणे हा माझा व्यवसाय आहे. कैद्यांवर आत उपचार करणे आणि ते सुटण्याआधी त्यांच्या पुढच्या उपचारांची सोय लावून देणे, असे हे दुहेरी काम आहे. अमेरिकेत लांब मुदतीची शिक्षा झालेले कैदी राज्याच्या तुरुंगात जातात. काउंटीच्या तुरुंगात बहुतेक लोक खटल्याची वाट पाहत असतात. त्यांच्या सुटकेची तारीख कोणालाच ठाऊक नसते. न्यायाधीशांनी सकाळी आदेश दिला की संध्याकाळपर्यंत माणूस दाराबाहेर असतो, म्हणून सुटकेचे नियोजन त्याला आत घेतले त्या दिवशीच सुरू करावे लागते. आल्याआल्या परिचारिका विचारते: कोणती औषधे चालू आहेत, ती कोणत्या दुकानातून घेतोस, रात्री झोपायला कुठे जातोस, तुझ्या वतीने फोन कोणी उचलेल. पुढे कितीही वेळा भेट झाली तरी शेवटी उपयोगी पडतात ती बहुधा याच पहिल्या अर्ध्या तासातली उत्तरे.

हे सारे अमेरिकेला उपजत सुचले, असे कोणी समजू नये. न्यूयॉर्क शहरात मानसिक आजाराचे उपचार चालू असलेल्या कैद्यांना रायकर्स बेटावरच्या शहराच्या तुरुंगातून बसने आणून पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान क्वीन्स प्लाझा या चौकात उतरवून देत. हातात दीड डॉलर आणि भुयारी रेल्वेच्या दोन फेऱ्यांचे कार्ड. औषध नाही, कोणाला भेटायचे तेही नाही. १९९९ मध्ये काही कैद्यांच्या वतीने शहरावर दावा दाखल झाला, तो ब्रॅड एच. या टोपणनावाने ओळखला जातो. दाव्यातला युक्तिवाद साधा होता: राज्याच्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार उपचार देणाऱ्या संस्थेने रुग्णाला सोडताना पुढच्या उपचारांचा आराखडा दिला पाहिजे, तुरुंगात मानसोपचार दिले जात असतील, तर तेवढ्यापुरता तुरुंगालाही तोच नियम लागू होतो. २००३ मध्ये शहराने तडजोड मान्य केली. सोडताना काही दिवसांची औषधे आणि पुढची चिठ्ठी द्यायची, दवाखान्याची वेळ ठरवून द्यायची, सरकारी आरोग्यविम्याचा अर्ज आतूनच भरून घ्यायचा आणि हे खरोखर होते की नाही ते पाहायला बाहेरचे निरीक्षक नेमायचे, असे तिचे स्वरूप होते. माझ्या मते त्यातले खरे मोल शेवटच्या अटीला आहे. आधीच्या तिन्ही गोष्टी कागदावर कोणीही लिहून देईल.

बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही दिवस किती नाजूक असतात, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वॉशिंग्टन राज्यातील एका अभ्यासाने दाखवून दिले. १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या ३०,२३७ लोकांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका राज्यातल्या इतर रहिवाशांच्या १२.७ पट निघाला आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मरण्याचा धोका १२९ पट. कारण गूढ नाही: आत असताना शरीराची सवय मोडते आणि बाहेर आलेला माणूस जुन्याच मात्रेकडे वळतो. किनारपट्टीवरच्या अमली पदार्थांच्या गुन्ह्यांमुळे ज्या राज्याचे तुरुंग सतत चर्चेत असतात, त्या राज्याने हे आकडे समोर ठेवायला हरकत नसावी.

भारतात यासाठी नवा कायदा लागेल, असे ज्यांना वाटते त्यांनी २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा उघडून पाहावा. त्याच्या कलम ९८ प्रमाणे मानसिक आरोग्य आस्थापनेतून, म्हणजे मनोरुग्णांवर उपचार करणाऱ्या संस्थेतून, रुग्णाला घरी सोडताना उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाने रुग्णाशी, त्याच्या प्रतिनिधीशी आणि पुढे जबाबदारी घेणाऱ्या डॉक्टरांशी बोलून पुढच्या उपचारांचा आराखडा तयार झाल्याची खात्री करायची असते. कलम १०३ म्हणते की प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात असे आस्थापन उभारावे आणि त्याची रीतसर नोंदणी करावी. ही दोन कलमे एकापुढे एक ठेवली की न्यूयॉर्कमध्ये वकिलांना जे न्यायालयाकडून मिळवावे लागले, ते आपल्याकडे संसदेने आधीच देऊन ठेवले आहे असे दिसते: तुरुंगातले आस्थापन कायद्याने नोंदलेले असेल, तर तिथून सुटणाऱ्या रुग्णालाही कलम ९८ लागू व्हायला हवे. गोव्यात मध्यवर्ती कारागृह एकच असल्यामुळे कोणता तुरुंग निवडायचा हा प्रश्नही उरत नाही. तुरुंग आणि सार्वजनिक आरोग्य हे दोन्ही विषय राज्यसूचीत आहेत, त्यामुळे दिल्लीकडे बोट दाखवण्याची सोयही नाही.

याच कलम १०३ मध्ये एक चमत्कारिक तरतूद आहे. तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी संबंधित मंडळाला असे प्रमाणित करून कळवायचे आहे की तुरुंगात मानसिक आजार असलेला एकही कैदी नाही. मानसिक रुग्णाची जागा तुरुंगात नाही, हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. परंतु जो अहवाल 'एकही नाही' असेच सांगायला बसलेला असतो, तो लिहिणारा माणूस रुग्ण शोधायला फारसा उत्सुक नसतो, हे देखरेखीचे काम करणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही. आमच्याकडे एखाद्या महिन्यात नव्याने सापडलेल्या रुग्णांची संख्या अचानक घटली, तर माझे वरिष्ठ आनंद मानत नाहीत; तपासणीला कोण होते, ते आधी विचारतात.

आता परप्रांतीयांकडे. गोव्याने २०१६ मध्ये दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आणली, ती राज्यात किमान पाच वर्षे राहणाऱ्यांसाठी. २०१८ मध्ये सरकारी इस्पितळांत बिगरगोमंतकीय रुग्णांना शुल्क लागू केले. आपल्या मर्यादित खाटा आधी आपल्या माणसांना मिळाव्यात ही भावना मी समजू शकते, पेडण्याहून बांबोळीला रुग्ण घेऊन जाणाऱ्यांची दमछाक मी लहानपणापासून पाहिली आहे. परंतु तुरुंगाच्या दारात या धोरणाचा परिणाम काय होतो, ते पाहावे. वास्कोच्या किंवा कुंडईच्या कारखान्यात मजुरी करणारा, ओडिशाहून आलेला क्षयरोगी आत असेपर्यंत सरकारच्या ताब्यात असतो आणि त्याचे उपचार सरकारलाच करावे लागतात. जामीन झाला की तो त्याच दिवशी योजनेचे कार्ड नसलेला 'भायलो', म्हणजे बाहेरचा, होतो. अमेरिकेत हीच गोष्ट उलट्या बाजूने घडली. तिथे मेडिकेड या गरिबांच्या आरोग्यविम्याचा कायदा १९६५ पासून सांगतो की तुरुंगात असलेल्या माणसाच्या उपचारांना केंद्राचा पैसा मिळणार नाही. त्यामुळे माणूस आत गेला की विमा थांबे आणि बाहेर आल्यावर तो पुन्हा सुरू व्हायला आठवडे लागत. २०२३ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियाला सुटकेच्या ९० दिवस आधीपासून काही सेवांसाठी हा पैसा वापरण्याची परवानगी मिळाली, तशी परवानगी मिळवणारे ते पहिले राज्य. साठाच्या आसपास वर्षे गेली. दारातली फट कोणत्या बाजूने आहे याला महत्त्व नाही. रुग्ण तिथेच हरवतो.

खरे तर क्षयरोगाच्या बाबतीत भारताने ही फट बऱ्याच अंशी बुजवली आहे. निक्षय या संगणकीय नोंदणीत रुग्णाला एक क्रमांक मिळतो आणि तो दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या राज्यात गेला तर त्याचे उपचार तिकडच्या केंद्राकडे वर्ग करता येतात. कोलवाळहून सुटणारा रुग्ण ओडिशातल्या गंजामला परत जाणार असेल, तर त्याच्या आधी त्याची नोंद तिथे पोचू शकते. हे क्षयरोग्यासाठी शक्य असेल, तर स्किझोफ्रेनियाच्या किंवा अपस्माराच्या रुग्णासाठी का नाही? मला तरी याचे एकच उत्तर दिसते: क्षयाचे उद्दिष्ट वरून विचारले जाते, या आजारांचे कोणी विचारत नाही.

'गुन्हेगारांवर एवढा खर्च कशाला' या आक्षेपाला मी अनेकदा तोंड दिले आहे, इथेही आणि गावी गेल्यावर शेजारच्या बाल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, बसूनही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० लोक होते आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. त्यांतले कितीतरी जण केवळ हमीदार नाही म्हणून आत राहतात. दुसऱ्या जिल्ह्यातला हमीदार चालणार नाही, हा हट्ट सर्वोच्च न्यायालयाने मोतीराम या गवंड्याच्या प्रकरणात १९७८ मध्येच चुकीचा ठरवला होता. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. म्हणजे सुटकेच्या वाटेवर अडकलेल्या माणसाची बातमी एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाण्याची रीत आधीच घालून दिलेली आहे. त्याच पत्राची एक प्रत तुरुंगाच्या डॉक्टरांकडे गेली, तर सुटकेच्या तयारीला हवे असलेले ते थोडे दिवस हाती लागतील. याला खर्च म्हणणे कठीण आहे.

आजारी माणसाला कोंडून ठेवण्याचा अनुभव गोव्याला नवा नाही, याचीही आठवण असावी. १९८९ मध्ये रक्तदानानंतर एचआयव्हीबाधित ठरलेल्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला राज्याच्या आरोग्य कायद्याखाली ६४ दिवस डांबून ठेवले होते. त्याने गुन्हा केलेला नव्हता. त्या वेळी आरोग्य खात्याने तुरुंगासारखे वागून दाखवले. आज मी मागते ते याच्या उलट आहे, तुरुंगातल्या दवाखान्याने आरोग्य खात्यासारखे वागावे.

त्यासाठी तो दवाखाना आरोग्य खात्याच्याच अधिकाराखाली असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्लंडमध्ये तुरुंगांतली आरोग्यसेवा गृहखात्याकडून काढून राष्ट्रीय आरोग्यसेवेकडे देण्याचे काम २००६ मध्ये पूर्ण झाले. न्यूयॉर्क शहराने २०१६ मध्ये ती खासगी कंपनीकडून आपल्या सार्वजनिक इस्पितळांच्या संस्थेकडे आणली. यामुळे सगळे सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. न्यूयॉर्क शहराच्या तुरुंगांत, बहुतेक रायकर्सवर, २०२२ या एका वर्षात १९ जण दगावले आणि २०२५ मध्ये तिथल्या कारभारासाठी बाहेरचा व्यवस्थापक नेमण्याचा आदेश संघराज्य न्यायालयाला द्यावा लागला. डॉक्टर कितीही स्वतंत्र असला तरी कैद्याला बराकीतून दवाखान्यापर्यंत आणायला पहारेकरी लागतो, आणि पहारेकरी नसेल तर भेट रद्द होते. कोलवाळहून बांबोळीला न्यायला पोलीस बंदोबस्त मिळेपर्यंत ओपीडीची वेळ टळून गेली, ही अडचण गोव्यात काम करणाऱ्यांना माझ्यापेक्षा चांगली माहीत असेल. पण डॉक्टरची बदली, बढती आणि गोपनीय अहवाल तुरुंगाधिकाऱ्यांच्या हाती नसतील, तर निदान रद्द झालेल्या भेटी वहीत उतरतात.

वहीचा हा मुद्दा मला सोडवत नाही, कारण देखरेखीचा बराचसा भाग तोच आहे. आमच्याकडे सुरुवातीला 'किती कैद्यांना सुटकेचा आराखडा दिला' एवढेच मोजत, आणि ते प्रमाण नेहमीच डोळे दिपवणारे असे. आराखडा म्हणजे सही केलेला एक कागद, तो कोणालाही देता येतो. मग सुटलेल्यांपैकी किती जण ठरलेल्या दवाखान्यात खरोखर गेले, हे मोजायला सुरुवात झाली आणि आकडा इतका खाली आला की बैठकीत थोडा वेळ कोणी बोलेना. त्यानंतरच कोणाला बसचे तिकीट द्यायचे, कोणाबरोबर माणूस पाठवायचा, कोणाची वेळ सोमवारी सकाळची घ्यायची, असले खरे प्रश्न चर्चेला आले. गोवा लहान आहे. बांबोळीची मनोविकार संस्था, गोमेकॉ आणि म्हापशाचे जिल्हा इस्पितळ ही तीनच ठिकाणे धरली तरी बहुतेक रुग्णांचा माग लागेल.

तेव्हा येत्या अधिवेशनात एखाद्या आमदाराने कोलवाळबद्दल तारांकित प्रश्न विचारायचाच असेल, तर मोबाइल किती पकडले हे एकदा बाजूला ठेवून असे विचारावे: गेल्या सहा महिन्यांत औषधोपचार चालू असताना किती कैदी सुटले आणि त्यांतले किती जण तीस दिवसांच्या आत कोणत्याही सरकारी दवाखान्यात पोचले? हा प्रश्न आरोग्यमंत्र्यांना विचारावा. तुरुंगमंत्र्यांना विचारला तर संबंधित कैद्यांची नियमानुसार सुटका करण्यात आली, एवढेच उत्तर येईल, आणि त्यांच्या बाजूने ते पूर्ण उत्तर असेल.