उभ्या गाडीचे टायर वाचत नाहीत, ते म्हातारे होतात

मुंबईतली शेवटची नोंदणीकृत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस बंद झाली. २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत तिची नोंदणी झाली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि ती थांबली. तेव्हापासून आमच्यासारख्या, दारात घरची पद्मिनी असलेल्या लोकांच्या मोबाइलवर एक संदेश पुन्हापुन्हा येतोय. त्याचा सारांश असा: जुनी गाडी टिकवायची तर कमीत कमी चालवा. टायरवरची नक्षी शिल्लक आहे तोवर टायर चांगलाच, कारण पूर्वीचं रबर अस्सल होतं. उभ्या गाडीच्या टायरमध्ये हवा जास्त ठेवा, वर पॉलिश मारा. पावसाळ्याआधी खालून जळकं ऑईल (इंजिनातून काढलेलं जुनं तेल) मारलं की पाटे (मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) यांच्याकडे बघायलाच नको. आणि शॉकअप, म्हणजे गाडीचे झोके थांबवणारा दांडा, गळत नसेल तर तो ठणठणीत समजा.

हा संदेश पाठवणाऱ्यांचं या गाड्यांवर प्रेम आहे, याबद्दल मला शंका नाही. पण यातल्या दोन-तीन गोष्टी माणसाचा जीव घेऊ शकतात, म्हणून उत्तर देतोय.

आधी नक्षीचं बघू. आमची पद्मिनी १९८६ ची, बाबांनी घेतलेली. २०२१ मध्ये मी आईला घेऊन पुण्याहून वाईला निघालो होतो. सुरूर फाटा सोडल्यावर सीटखाली थरथर जाणवायला लागली. वाटलं बॅलन्सिंग गेलं असेल. दोन किलोमीटरवर मागून धप् धप् असा आवाज आला आणि गाडी डावीकडे बसली. नक्षीचा अख्खा पट्टा टायरच्या अंगापासून सुटून मडगार्डवर आपटत होता. वेग पन्नासच्या आत होता, समोरून ट्रक नव्हता, म्हणून आम्ही दोघं घरी आलो. पंक्चरवाल्या काकांनी टायर काढला, बाजूची भिंत दोन्ही अंगठ्यांनी वाकवली आणि मला जवळ बोलावलं. एरवी न दिसणाऱ्या बारीक भेगा वाकवल्याबरोबर उघडल्या, उन्हाळ्यात तळ्याच्या तळाला पडतात तशा. आतून नायलॉनचे धागे दिसत होते. नक्षी मात्र जवळजवळ नव्यासारखी. गाडी वर्षाला जेमतेम पाचशे किलोमीटर चालत होती, नक्षी झिजणार कशी?

काकांनी मग ओल्या फडक्याने टायर पुसून मला चार आकडे दाखवले: ३४०९. म्हणजे २००९ सालचा चौतिसावा आठवडा. टायर बारा वर्षांचा होता. तो मीच वापरत होतो आणि हे आकडे मी कधी वाचले नव्हते. २००० नंतरच्या टायरवर लंबगोल चौकटीत हे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. तीनच आकडे दिसले तर टायर गेल्या शतकातला आहे, त्यावर गाडी हलवूसुद्धा नका. पुष्कळदा हा कोड एकाच बाजूला असतो आणि नेमकी तीच बाजू आत जाते, तेव्हा टॉर्च घेऊन गाडीखाली शिरावं लागतं.

हे फक्त माझ्या नशिबाचं प्रकरण नाही. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१२ मध्ये सरे परगण्यातल्या हाइंडहेडजवळ एका बसचा पुढचा टायर फुटला आणि तीन माणसं गेली. तो टायर साडेएकोणीस वर्षांचा होता, खुद्द बसपेक्षा जुना. त्या अपघातात मुलगा गमावलेल्या आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. शेवटी १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे ट्रक-बसच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांवरचा टायर लावायला बंदी आली. बरेच टायर उत्पादकही हेच सांगतात: पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनी, नक्षी कितीही असो, बदला. आपल्याकडच्या उन्हात मी स्वतः सातव्या वर्षी बदलतो.

‘कमी चालवा म्हणजे टिकेल’ हे तर अगदी उलटं आहे. रबराला हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन आतून-बाहेरून खात असतो. त्याला अडवायला टायरच्या मिश्रणात मेण आणि संरक्षक रसायनं घातलेली असतात. टायर फिरताना वाकतो, दबतो आणि ती हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात. गाडी सहा महिने झाकून ठेवली की हे थांबतं, आणि दाबाखाली ताणलेल्या जागी ओझोन भेगा पाडतो. टॅक्सीवाल्यांच्या पद्मिनी तीन-तीन लाख किलोमीटर कशा चालल्या, असं लोक कौतुकाने विचारतात. त्या रोज चालत होत्या, त्यांचे टायर म्हातारे व्हायच्या आधी झिजून बदलले जात होते आणि ग्रीस गन हाताशी असायची. आमची गाडी मी आता पंधरा दिवसांतून एकदा तरी वीस किलोमीटर फिरवून आणतो.

हवेबद्दल संदेश अर्धा बरोबर आहे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर हवा थोडी जास्त ठेवल्याने टायर एका जागी चपटा होत नाही. पण टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या पुढे जाऊ नका आणि निघण्यापूर्वी ती कमी करायला विसरू नका. पॉलिशबद्दल एवढंच, की पेट्रोलियमच्या सॉल्व्हंटचं चकचकीत पॉलिश तेच संरक्षक मेण धुऊन काढतं. साबणाचं पाणी पुरेसं आहे.

आता जळकं ऑईल. ही आपल्याकडची जुनी चाल आहे, मे महिन्यात गॅरेजसमोर रांग लागते. पत्रा गंजण्यापासून थोडा वाचतो हे खरं. पण फवारा पाट्यांच्या डोळ्यातल्या (टोकाच्या गोल भोकातल्या) आणि पाटा गाडीला जोडणाऱ्या शॅकलच्या रबरी बुशांवरही बसतो, आणि खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगतं, मऊ पडतं. आमच्या गाडीचे मागचे पाटे उतरवले तेव्हा मी बुशवर नख दाबलं, तर नख रुतलं आणि काळा चिखल नखात आला. गाडी खड्ड्यात गेली की मागून शेपटी हलवल्यासारखी सरकायची, त्याचं कारण तेच होतं. पत्र्याला मारायचं तर बुश प्लास्टिकने बांधून मारा. पाटे कुरकुरत असतील तर ते खोलून, तारेच्या ब्रशने घासून, मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावून घ्या. पुढच्या किंग पिनला, म्हणजे जिच्यावर पुढचं चाक वळतं त्या खिळीला, मात्र ग्रीस हवंच. ग्रीस भरायच्या निपलमध्ये गन लावून, जुनं काळं ग्रीस पूर्ण बाहेर पडून नवं दिसेपर्यंत गन मारायची.

बुश बदलताना मिस्त्रीजवळ उभं राहून एक गोष्ट बघा. सायलेंट बुशचे (धातूच्या नळीत रबर बसवलेल्या बुशचे) नट गाडी जॅकवर लटकत असताना आवळले, तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि कायम त्या पिळात राहून लवकर फाटतं. नट हलके लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चारदा दाबून हलवायची आणि मग पूर्ण आवळायचे. माझा पहिला सेट दीड वर्षात गेला, तो यामुळेच.

शॉकअप न गळताही मेलेला असू शकतो, आतले व्हॉल्व्ह झिजतात. कोपरा दाबून सोडा; गाडी एकदा वर येऊन थांबली नाही, झोके घेत राहिली, तर तो गेला. थांबली तरी खात्री नाही, फक्त पूर्ण मेलेला एवढ्यावर कळतो.

‘पूर्वीचं रबर अस्सल’ या समजापायी लोक पुण्याच्या नाना पेठेत जुन्या डब्यातले, न वापरलेले बुश शोधत फिरतात. मीही फिरलो. डब्यातही रबर म्हातारं होतंच, मी आणलेले चार बुश प्रेसमध्ये बसवतानाच तडकले. टायरचंही तेच. ५.२०-१४ हे पद्मिनीच्या टायरचं माप आता सहज मिळत नाही, त्यामुळे दुकानाच्या माळ्यावर पडून असलेला ‘नवा’ टायर तुमच्या गळ्यात मारला जाऊ शकतो. रिमवर चढवायच्या आधी कोड वाचा. मला पहिल्यांदा दाखवलेली जोडी सहा वर्षांची निघाली, मी ती परत ठेवायला लावली आणि तीन आठवडे थांबलो. ट्यूबही नवीच घ्या, जुनी ताणलेली असते आणि नव्या टायरमध्ये तिला घडी पडते.