मित्राचा दिवस कसा घालवावा

मार्गशीर्षात खटाव तालुक्यातल्या पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. तुमचा एखादा शेतकरी मित्र तिथं खिल्लार बैल घ्यायला निघाला असेल, तर त्याला एकट्याला अजिबात जाऊ देऊ नका. एकटा गेला तर तो उजाडता पोहोचेल, दावणीतून दोन फेऱ्या मारील आणि दुपारच्या आत इसार देऊन मोकळा होईल. जत्रा अशी उरकायची नसते.

दिवस रथाचाच निवडा. त्या दिवशी रथ नोटांच्या माळांनी मढतो, माणूस माणसाला चिकटून चालतो आणि बैल चालवून बघायला मोकळी जागा उरत नाही. साताऱ्याहून अंतर चाळीस किलोमीटरच्या आतलं, म्हणून नऊला पोहे खाऊन निघा. बूट पांढरे घाला.

बाजारात शिरल्यावर मित्र जनावराच्या तोंडाकडे वळेल. त्याला मागं सारून तुम्ही पुढं व्हा. वरचा ओठ उचला आणि चारचौघांत जाहीर करा, ‘‘म्हातारा आहे, वरचे दात पडलेत.’’ बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात जन्मापासूनच नसतात, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. डगमगू नका. हिशोब असतो खालच्या आठ दातांचा. सगळे दुधाचे असेपर्यंत खोंड आदत. दोन-अडीच वर्षांच्या सुमारास मधली जोडी पडून रुंद दात आले की दुसा, पुढं चौसा, मग सहा दाती, आणि साडेचार-पाचला जुळला. जुळल्यावर मात्र दातांची झीज बघून अदमास बांधावा लागतो. तिथंच हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, ‘आत्ताच जुळलाय’ म्हणतो आणि तिथंच तुम्ही जोरात मान डोलवायची.

शिंगं साळून तेल लावलेला, अंगावर झूल आणि कपाळावर गुलाल असलेला बैल ताबडतोब पसंत करा. झूल उचलायला सांगणं असभ्य आहे. जुवाखाली खांदा सुजलेला असेल तर तो झुलीखालीच असतो आणि असा बैल नांगराला जुंपला की चौथ्या तासाला मान काढून घेतो. पण ते घरी गेल्यावर. चालवून बघायचाच झाला तर मऊ मातीत, सरळ रेषेत. कडक जमिनीवर आखूड वळण घ्यायला लावलं की दुखरा पाय लपत नाही. मागचा खूर पुढच्याच्या ठशावर पडतो की अलीकडे, हे मित्र वाकून बघत असेल तर नेमकं त्याच वेळी त्याला फोटोसाठी उभं करा.

आता सौदा. दलाल दोघांचे हात उपरण्याखाली घेतो आणि आकडा बोटं दाबून सांगतो. बोट शंभराचं, हजाराचं की दहा हजारांचं, ते आधी तोंडी ठरलेलं असतं. हे झाकणं कशासाठी, तर शेजारी उभ्या गिऱ्हाइकाला भाव कळू नये आणि मालकालाही दुसऱ्याशी बोलताना अडचण होऊ नये म्हणून. तुम्ही फक्त एवढंच करा: मित्राच्या खांद्यावरून वाकून मोठ्यानं विचारा, ‘‘चाळीस म्हणतोयस का रे?’’ शेजारचा पंचेचाळीस म्हणेल. मित्र तुमच्याकडे बघेल. तुम्ही बैलाकडे बघा.

बैल ठरलाच, तर पावतीवरचा नंबर आणि कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा १२ आकडी नंबर ताडून बघण्यात वेळ दवडू नका. वाटेत कुणी गाडी अडवली तर आहेच की पुन्हा पुसेगाव.

मग बैलगाड्यांच्या शर्यतीला चला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बंद केलेल्या शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा ग्राह्य धरला, हे झेंडा पडायच्या क्षणी सविस्तर सांगा. तुम्ही पुण्याकडचे असाल तर ‘‘पुढची घोडी कुठाय?’’ असंही विचारा. घोडी पुढं ठेवून घाटात सेकंद मोजायचे ते जुन्नर-खेडकडे. इथं छकड्या शेजारीशेजारी पळतात, गट काढायचा, मग सेमी, मग फायनल. पुढच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं, तोवर गट संपलेला असतो.

खेळांच्या गल्लीत पैसे मोकळ्या हातानं घालवा. रिंग ज्या ठोकळ्यावर टाकायची तो रिंगेपेक्षा जेमतेम कणभर लहान असतो, म्हणून वरून अगदी आडवी पडली तरच बसते. लांबून फेकलेली तिरपी येते आणि कोपऱ्याला अडते. फुगे निम्मे फुगवलेले असतात. सैल रबराला छर्रा कडेनं चाटून गेला तर तो नुसता हलतो. बंदुकीच्या नळीवरची, नेम धरायची माशी वाकडी असते ते वेगळंच. दुकानदार स्वतः मारून दाखवतो, कारण वाकडेपणा किती हे त्याला पाठ आहे. आकाशपाळण्यात सगळ्यांच्या आधी बसा. एकेक पेटी भरत जाते, तेव्हा पहिला माणूस डिसेंबरच्या वाऱ्यात सगळ्यात जास्त वेळ लोंबकळतो.

चुकामूक झाली तर भेटायची जागा ‘पाळण्यापाशी’ अशी ठरवा. पाळणे तीन-चार असतात आणि फोन लागत नाही.

परतीला बैलाच्या पिकअपमध्ये बसायचं, तेव्हा एक घोंगडी हवीच. माणदेशी, अस्सल लोकरीची म्हणून मागा आणि ताठपणावर भुलून घ्या. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते, ताठपणा तिचा. मित्र म्हणेल, आधी एक दशी ओढून पेटवून बघ. दुकानदारापुढं असा अविश्वास शोभतो का? पिकअप निघाल्यावर, कोरेगावच्या वाऱ्यात थंडी बोचायला लागली की मग निवांत दशी ओढा आणि काडी लावा. केस जळाल्याचा वास येऊन चिमटीत राख चुरली तर लोकर. नाहीतर दशी वितळेल आणि बोटाला कडक गोळी चिकटेल. हात झटकताना बैलाला लागू देऊ नका, त्यानं दिवसभर तुमचं काही बिघडवलेलं नाही.