मुंगी चावली की चुना लावा म्हणणाऱ्या फॉरवर्डला एकेक उत्तर

पावसाळा लागला की तो मेसेज परत फिरायला लागतो, तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला असेल. सुरुवात होते "मुंगी चावली? डॉक्टरकडे पळू नका" अशी. मग सांगतात की मुंगीच्या चाव्यात फॉर्मिक अ‍ॅसिड असतं म्हणून त्यावर चुना किंवा खायचा सोडा चोळा, अ‍ॅसिड मारलं जातं आणि दोन मिनिटांत आराम, ते नसेल तर लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, लसूण यातलं जे घरात असेल ते लावा, फोड आला तर सुईने फोडा म्हणजे विष निघून जातं, आणि शेवटी ठळक अक्षरात, मुंगी चावून कोणी मरत नाही. मी मेडिकलच्या काउंटरवर उभी असते आणि हे सगळं करून झालेले लोक माझ्याकडेच येतात, म्हणून एकेक मुद्दा धरून लिहितेय. लांबलंय थोडं, पण घरात लहान मूल किंवा शुगरवालं माणूस असेल तर नक्की वाचा.

आधी ते फॉर्मिक अ‍ॅसिड. हे आपण शाळेतच शिकलोय. एनसीईआरटीच्या सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात कित्येक वर्षं हेच उदाहरण होतं, मुंगी चावली की फॉर्मिक अ‍ॅसिड कातडीत जातं, त्यावर ओला खायचा सोडा किंवा कॅलमाइन (खाजेवर लावायचं लोशन) चोळलं की उदासिनीकरण होतं, म्हणजे अ‍ॅसिडचा परिणाम मारला जातो. मुलांना उदासिनीकरण समजवायला सोपं पडतं ते, कबूल, पण सगळ्या मुंग्यांना ते लागू नाहीये. फॉर्मिक अ‍ॅसिड एका ठरावीक उपकुळातल्या मुंग्यांकडे असतं. कोकणात-गोव्यात आंब्याच्या, काजूच्या झाडावर पानं एकमेकांना शिवून घरटी करणाऱ्या तांबूस मुंग्या, ज्यांना तिकडे हुमले म्हणतात, त्या यातल्या, आणि आपला मोठा काळा मुंगळाही यातलाच. यांना नांगी नसतेच. हुमला जबड्याने कातडी पकडतो आणि पोट वाकवून मागच्या टोकातून त्या चाव्यावर अ‍ॅसिड फवारतो, काजू काढताना घरटं अंगावर पडलं की जी आग होते ती ह्यामुळे. याच मुंग्यांची चटणी लोक आवडीने खातात, ओडिशातल्या मयूरभंजच्या काई चटणीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, आणि तिच्या आंबटपणात ह्या अ‍ॅसिडचा मोठा वाटा असतो.

पण अंगणात, बांधावर, बागेतल्या कुंडीखाली जी बारीक लाल मुंगी चावून जीव नकोसा करते ती वेगळी. ती फायर अँटच्या जातीची, आपल्याकडे आढळणारीचं शास्त्रीय नाव सोलेनोप्सिस जेमिनाटा. हिला नांगी असते. ही काय करते ते भिंग घेऊन बघण्यासारखं आहे, आधी जबड्याने कातडी घट्ट धरते, पाय रोवते, अंग वाकवून पोटाचं टोक कातडीत टोचते, मग जबडा न सोडता जरा सरकते, परत टोचते, परत सरकते, त्यामुळे बऱ्याचदा चाव्यांचे ठिपके गोलात उठलेले दिसतात. आणि ती जे आत सोडते त्यात फॉर्मिक अ‍ॅसिड नसतंच. फायर अँटच्या विषाचा साधारण ९५ टक्के भाग अल्कलॉइड असतो, तेलकट, पाण्यात न मिसळणारा, आणि उरलेल्या थोड्याशा भागात प्रोटीन असतात ज्यांच्यामुळे अ‍ॅलर्जी होते. आता अल्कलॉइड हे मुळातच आम्लारीच्या, म्हणजे अ‍ॅसिडच्या उलट बाजूचे पदार्थ. म्हणजे जिथे मारायला अ‍ॅसिडच नाही तिथे आपण अ‍ॅसिड मारायला चुना लावतोय!

बरं समजा हुमलाच चावला, अ‍ॅसिड आहेच. तरीसुद्धा जे कातडीच्या वर आहे ते साध्या पाण्याने धुऊन जातं, आणि जे आत गेलंय तिथपर्यंत वरून चोळलेला सोडा पोचत नाही, कारण बाहेरचं आत जाऊ न देणं हेच तर कातडीचं काम. सोड्याचा ओला लेप गार लागतो म्हणून बरं वाटत असेल, त्याने फारसं बिघडत नाही, एखाद्याला लावायचाच असेल तर मी भांडायला जाणार नाही.

चुन्याचं मात्र तसं नाही. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, ओल्या चुन्याचा पीएच बाराच्या वर जातो, म्हणजे तो खूप तीव्र आम्लारी असतो, कातडी भाजते त्याने. एक आजी नातवाला कडेवर घेऊन आल्या होत्या दुकानात, पोराच्या पायाच्या बोटांमध्ये मुंगी चावली म्हणून आदल्या रात्री चुना भरून वर सुती चिंधी घट्ट बांधलेली. चिंधी सोडली तर मुंगी नक्की कुठे चावली होती ते ओळखूच येईना, दोन बोटांच्या मधली कातडी पांढरटफटक, ओली, सोललेली, आणि कडेने लालभडक. पोरगं रात्रभर रडलं तर घरच्यांना वाटलं विष चढतंय म्हणून रडतंय. आजींचा काय दोष, त्यांनी मायेनेच केलं आणि सुनेच्या फोनवरचा मेसेज वाचून केलं. पाय वाहत्या पाण्याखाली धरून धुतला आणि त्यांना तसंच डॉक्टरकडे पाठवलं. मला हा मेसेज दिसला की ती बोटं आठवतात, म्हणून एवढं पोटतिडकीने सांगतेय.

अजून एक, घरात चुन्याची पुडी किंवा ट्यूब "औषध" म्हणून हाताशी ठेवली की ती मुलांच्याही हाताशी येते. मुलं ती दाबतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. त्यातून कायमची नजर अधू झालेल्या मुलांच्या केसेस आपल्या देशातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवल्यात. कधी असं झालंच तर डोळा चोळू द्यायचा नाही, लगेच नळाखाली भरपूर पाण्याने धूत राहायचं, निदान अर्धा तास, आणि मग डोळ्यांच्या दवाखान्यात.

लिंबू आणि व्हिनेगर. मेसेजमध्ये वर लिहिलंय अ‍ॅसिड मारायला चुना लावा आणि खालच्याच ओळीत लिंबू लावा, लिंबू हे स्वतःच अ‍ॅसिड आहे, हे लिहिणाऱ्याने तरी एकदा वाचून बघायला हवं होतं. लिंबाचा त्रास वेगळाच आहे. लिंबाच्या सालीत आणि रसात असे काही घटक असतात की ते कातडीवर असताना ऊन लागलं तर एक-दोन दिवसांत तिथे भाजल्यासारखे फोड येतात आणि नंतर काळसर डाग पडतात जे कित्येक आठवडे, कधी महिने जात नाहीत. शेतात, बागेत मुंगी चावली, तिथेच लिंबू चोळलं आणि उन्हात काम सुरू, की झालंच.

टूथपेस्टमध्ये मेंथॉल असतं, ते गार वाटायला लावतं, बस एवढंच, आणि खाजवून सोललेल्या जागी ती वरून झोंबते. ठेचलेला लसूण कातडीवर बांधून ठेवला तर खरोखर भाजतं, फोड येतात, लहान मुलांना तर अजिबात नको. रॉकेल लावू का असंही विचारतात अजून, नका लावू, आणि ती बाटली पोरांपासून लांब ठेवा कारण ते चुकून पोटात गेलं की थेट फुप्फुसाला त्रास होतो.

मग करायचं काय? घरगुती उपायांवर माझा काही राग नाही, उलट जे खरं काम करतं ते सगळं घरातच आहे. पहिलं म्हणजे त्या जागेवरून बाजूला व्हा, वारुळावर उभं राहून एकेक मुंगी वेचू नका. मुंग्या चिरडू नका, चिरडलेल्या मुंगीतून जो वास सुटतो त्याने बाकीच्या अजून चवताळतात, हाताने किंवा कापडाने पटापट झटका. लाल मुंगी जबड्याने धरून बसलेली असते त्यामुळे नुसतं पाणी ओतून ती सुटत नाही, झटकावीच लागते. कपड्यात शिरल्या असतील तर कपडे काढा, लाजू नका. मग साबण-पाण्याने धुवा आणि बर्फ रुमालात गुंडाळून दहा मिनिटं धरा, थोडं थांबून परत धरा. बर्फाने ठणका आणि सूज दोन्हीला आराम पडतो. हाताला चावली असेल तर अंगठी-बांगड्या आणि पायाला चावली असेल तर जोडवी आधीच काढून ठेवा, सूज चढल्यावर ती निघत नाहीत आणि बोट आवळलं जातं, बायकांनो हे लक्षात ठेवाच. खाज फार असेल तर कॅलमाइन लावा, मोठ्या माणसाला सेट्रिझिनसारखी अ‍ॅलर्जीची गोळी चालते, मुलांना मात्र वजन बघून डॉक्टर सांगतील तसंच.

एक विनंती, "खाजेची ट्यूब द्या" म्हणून मेडिकलवर येऊ नका. बाजारात ज्या मिक्स ट्यूब मिळतात त्यात जोरदार स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं सगळं एकत्र असतं. दोन दिवसांत खाज थांबते म्हणून लोक तीच ट्यूब पुढे महिनोन्महिने चेहऱ्याला, जांघेत लावत बसतात, मग कातडी पातळ होते आणि नायटा हाताबाहेर जातो. मुंगीच्या चाव्याला ती ट्यूब लागतच नाही.

फोड फोडायचा मुद्दा. फायर अँट चावली की दुसऱ्या दिवशी वर पांढरं टोक असलेली बारीक पुळी येऊ शकते, पू भरल्यासारखी दिसते पण सुरुवातीला तिच्यात जंतू नसतात, विषाने मेलेल्या पेशी असतात. त्यामुळे ती फोडून "विष काढणं" ह्याला काही अर्थच नाही. वरची कातडी शाबूत असेपर्यंत आतली जागा सुरक्षित असते, सुईने किंवा नखाने फोडलीत की जंतूंना दार उघडून दिलंत. लाली पसरत चालली, जागा गरम लागतेय, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, ताप आला, तर इन्फेक्शन आहे, दाखवा. आणि मधुमेहवाल्यांचं फार सांभाळायला हवं, बऱ्याच जणांच्या तळपायाची संवेदना कमी झालेली असते, मुंग्या चावल्याचं कळतच नाही आणि जखम चिघळल्यावर घरच्यांच्या लक्षात येतं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांचंही तेच, पलंगाच्या पायाशी मुंग्यांची रांग दिसली तर चादर उचलून अंग बघा.

आता शेवटची ठळक ओळ, मुंगी चावून कोणी मरत नाही. हे साफ खोटं आहे आणि माझा सगळ्यात जास्त आक्षेप ह्याच ओळीला आहे. बहुतेकांना काही होत नाही हे खरंच, पण मुंगीच्या विषाने जीवघेणी अ‍ॅलर्जी होऊ शकते, जिला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात, आणि तिने माणसं गेली आहेत. आखातात समसम नावाची काळसर मुंगी आहे, यूएई आणि सौदीत तिच्यामुळे मृत्यू नोंदवले गेलेत, आणि आपली किती माणसं तिकडे कामाला आहेत. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, टेक्सास-फ्लोरिडाकडे, दक्षिण अमेरिकेतून आलेली फायर अँट अंगणाअंगणात आहे, तिकडेही असे मृत्यू झालेत. आणि आपल्याकडेही झाडाच्या खोडावर फिरणारी एक सडपातळ मुंगी असते, डोकं आणि पोट काळं, मधला भाग तांबडा-नारिंगी, टेट्रापोनेरा रूफोनायग्रा म्हणतात, तिच्या डंखाने आशियात अशी तीव्र अ‍ॅलर्जी झालेली आहे. आधी दहादा चावली तेव्हा काही झालं नाही म्हणून अकराव्यांदा होणार नाही असंही नसतं, अ‍ॅलर्जी मधेच तयार होते.

ओळखायचं कसं? चावा पायाला आणि गांधी सगळ्या अंगावर उठतायत, ओठ-डोळे-जीभ सुजतेय, आवाज बसतोय, घशात आवळल्यासारखं होतंय, श्वासाला घरघर, उलट्या, चक्कर, अंग गार पडतंय. हे बहुतेक वेळा काही मिनिटांत ते अर्ध्या तासात सुरू होतं. अशा वेळी चुना, सोडा, तुळस काहीही शोधत बसू नका, सेट्रिझिनच्या गोळीवरही थांबू नका, ती गोळी खाज कमी करते पण बंद होणारा घसा उघडत नाही. याला औषध एकच, मांडीच्या स्नायूत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन, आणि ते लवकर मिळायला हवं. १०८ ला फोन करा किंवा गाडी दारात असेल तर सरळ जवळच्या हॉस्पिटलला न्या, फोनवर आणि दारात "मुंगी चावली" एवढंच न म्हणता "मुंगी चावली आणि श्वास लागतोय, अंग सुजलंय" असं स्पष्ट सांगा, नाहीतर तिथेही रांगेत बसवतील. माणसाला आडवं झोपवा, पाय उशीवर उंच ठेवा, श्वास लागत असेल तर टेकून बसू द्या, पण उभं करू नका, चालवत नेऊ नका. इंजेक्शननंतर एकदम बरं वाटलं तरी डॉक्टर ठेवून घेतील तितके तास तिथेच थांबा, कारण काही जणांना तीच रिअ‍ॅक्शन काही तासांनी परत उलटते आणि तेव्हा माणूस घरी झोपलेला असतो.