कॉमिकच आहे ना, कुठूनही वाच!

सकाळी भाची आली आणि ‘बफी द व्हँपायर स्लेअर’ या व्हँपायर मारणाऱ्या मुलीच्या टीव्ही मालिकेच्या, कॉमिकमधून आलेल्या आठव्या सीझनचा चौथा खंड टेबलावर ठेवून म्हणाली, "मावशी, हा तूच ठेव गं. मला नाही झेपला." जेमतेम बारा पानं वाचून झाली होती. हीच मुलगी टीव्हीवरचे सातही सीझन, १४४ भाग, एका उन्हाळ्यात संपवून बसली होती. शेवटच्या भागात बफीचं अख्खं गाव, सनीडेल, जमिनीत खचलं तेव्हा रडली होती. जुन्या पुस्तकांच्या दुकानात तिला हा एकच खंड दिसला. आधीचे तीन आहेत का, असं तिने विचारलंही. तर तिथे उभ्या असलेल्या कुणी एका जाणकाराने तिला छातीठोकपणे सांगितलं, "अगं, कॉमिकच आहे ना, कुठूनही वाच."

त्या ‘च’चा राग आलाय मला. दिवसभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

कादंबरी दोनशेव्या पानापासून वाच, असं आपण कुणाला सांगत नाही. मालिका चौथ्या सीझनच्या मध्यापासून बघ, असंही सांगत नाही. मग कॉमिकनेच कुणाचं काय घोडं मारलंय? आठवा सीझन म्हणजे फावल्या वेळात काढलेला चित्रांचा जोडधंदा नाही. टीव्हीवरची गोष्ट २० मे २००३ला संपली आणि तिथून पुढची गोष्ट मार्च २००७ ते जानेवारी २०११ या काळात ४० अंकांमध्ये आली. पहिली चार अंकांची कथा मालिकेचा जनक जॉस व्हीडननेच लिहिली, पुढे मालिकेच्या लेखकांपैकी काही जण आले. २००८चा सर्वोत्कृष्ट नव्या मालिकेचा आयझनर हा कॉमिक-जगतातला मानाचा पुरस्कार या कॉमिकला आहे.

आता भाची नेमकी कुठे अडकली ते बघा. तिने मला दोनच प्रश्न विचारले. ही मेलाका कोण? आणि हे ‘लर्क’ म्हणजे नवीन राक्षस आहे का?

लर्क म्हणजे व्हँपायरच! चौथ्या खंडात अंक १६ ते २० आहेत. त्यातल्या पहिल्या चार अंकांत बफी भविष्यातल्या न्यूयॉर्कमध्ये जाऊन पडते आणि तिथली स्लेअर, म्हणजे व्हँपायर मारणारी, मेलाका फ्रे तिच्यासमोर उभी ठाकते. व्हँपायर म्हणजे काय हे त्या काळातल्या लोकांना ठाऊकच नाही, त्यांच्या लेखी ते लर्क. फ्रेची बोलीही तशीच, झिजलेली, मोडतोड झालेली, मुद्दाम कानाला खटकणारी. पण फ्रे काही या अंकांत जन्मलेली नाही. तिची आठ अंकांची स्वतंत्र मालिका २००१ ते २००३ मध्ये येऊन गेली होती. चित्रं कार्ल मोलाइनची, म्हणूनच आठव्या सीझनमधले हे चार अंकही त्याच्याकडेच दिले. ते आठ अंक न वाचता सोळावा अंक उघडला की कुणीही बाराव्या पानावर पुस्तक मिटणार. त्यात भाचीची काय चूक?

आणि हे ऐका. सातव्या सीझनच्या शेवटी बफी दगडातून जी लाल पात्याची कुऱ्हाड उपसते ना, ती सगळ्यांची आवडती सायद, ती आधी फ्रेच्या कॉमिकमध्ये आली आणि मग टीव्हीवर. कॉमिकने मालिकेला दिलेली वस्तू आहे ती. "कॉमिकच आहे ना" म्हणणाऱ्याने शेवटच्या लढाईत बफीच्या हातात काय आहे ते एकदा नीट बघावं.

तर क्रम. टीव्हीचा सातवा सीझन संपला की फ्रेचे आठ अंक वाचून घ्या, ते एकाच खंडात मिळतात. मग आठव्या सीझनचे खंड १ ते ८, प्रत्येकात पाच-पाच अंक. चौथ्या खंडाआधी फ्रे वाचून झालेली असली म्हणजे झालं, अगदी सुरुवातीलाच हवी असंही नाही. मोठ्या आकाराची पुठ्ठाबांधणीची आवृत्ती मिळाली तर तेच ४० अंक चार जाड खंडांत आहेत, प्रत्येकी दहा. पैसे जास्त जातात हे मान्य, पण चित्रकार मूळ पान ११ बाय १७ इंचांच्या बोर्डावर काढतो आणि नेहमीच्या अंकात ते आक्रसून दोन तृतीयांशाच्या आसपास येतं. मोठ्या आवृत्तीत गर्दीच्या चौकटींमधले चेहरे ओळखू येतात, एवढा फरक पडतो. आणि एक घोळ टाळा. २०१९मध्ये दुसऱ्या प्रकाशकाने बफीचा नवा पहिला अंक काढला. त्यात गोष्ट शाळेपासून आणि आजच्या काळात नव्याने मांडली आहे. तो आठव्या सीझनच्या पुढचा भाग नाही. ‘अंक १’ बघून बरेच जण तो उचलतात आणि मग सनीडेल परत कुठून आलं म्हणून डोकं खाजवत बसतात.

दुसरी तक्रार नेहमीची. "गोष्ट पळते, कुणाशी नातंच जुळत नाही." ही तक्रार भाचीही उद्या करेल, म्हणून आत्ताच हिशेब मांडते. टीव्हीचा एक भाग बेचाळीस-चव्वेचाळीस मिनिटांचा. कॉमिकचा एक अंक साधारण २२ पानांचा, पानावर पाच-सहा चौकटी. इंग्रजी कॉमिकमध्ये जुना ठोकताळा आहे: संवादाच्या एका फुग्यात २५ शब्द, एका चौकटीत ३५, अख्ख्या पानात २१०. त्याच्या वर गेलात की चित्र झाकलं जातं. आता बफी आणि तिचे जिवलग मित्र झँडर आणि विलो एकमेकांचं वाक्य तोडत कसे बोलायचे ते आठवा. तीस सेकंदांच्या त्या बडबडीला अख्खं पान लागतं. म्हणजे एका अंकात टीव्हीची दहा-बारा मिनिटं बसतात आणि चार अंकांची कथा म्हणजे जेमतेम एक भाग. ४० अंक म्हणजे दहा भाग! टीव्हीचा पूर्ण सीझन २२ भागांचा असायचा. अर्ध्याहून कमी जागेत जगभर पसरलेल्या अठराशे स्लेअर, स्कॉटलंडचा किल्ला, टोकियो, तिबेट एवढं सगळं कोंबलं, मग झँडर आणि बफीची बहीण डॉन यांचं जुळणं चोरपावलांनीच येणार. ते दोन चौकटींत दिसतं आणि निसटतं. ज्याला ‘पळते’ म्हणतात ते हेच. हा दोष खराच आहे, पण तो लिहिणाऱ्यांच्या आळसाचा नाही, हव्यासाचा आहे.

चेहऱ्यांबद्दलही बोलते. "ही बफी टीव्हीवरच्या सारा मिशेल गेलरसारखी दिसत नाही." अहो, मुखपृष्ठ जो चेनने रंगवलंय, फोटोला लाजवेल असं. आत मात्र जॉर्ज जाँटीची पेन्सिल आहे. वाचक मुखपृष्ठ बघून आत शिरतो आणि फसल्यासारखं वाटतं, हे मी समजू शकते. पण महिन्याला शंभराच्या वर चौकटी काढणाऱ्याने प्रत्येक चेहरा फोटोवरून उतरवला तर काय होतं? माणसं गोठतात. धावणारी बफीही पोस्टरसाठी उभी राहिल्यासारखी दिसते. फोटोवरून काढलेलं कॉमिक झटकन ओळखता येतं: मान एकीकडे, उजेड दुसरीकडे, आणि सगळ्यांची नजर चौकटीबाहेर. जाँटीने ओठांचा मुरका, खांदे उडवण्याची पद्धत आणि उभं राहण्याची ढब पकडली. बोलणाऱ्याचा चेहरा हलता वाटला पाहिजे, हुबेहूब नसला तरी चालतं. काही चौकटींत विलो आणि बफी केसांच्या रंगावरूनच ओळखाव्या लागतात. बरं, हे मान्य.

व्हँपायरची राख कशी करायची, यावरूनही कॉमिक जमलंय की नाही ते कळतं. टीव्हीवर लाकडी खुंटी छातीत गेली की सेकंदाभरात आवाजासकट धूळ होते. कागदावर आवाज नाही, सेकंदही नाही. कच्चा चित्रकार खुंटी आणि धूळ एकाच चौकटीत काढतो आणि तिथेच मार खातो, कारण आघात आणि परिणाम यांच्यात श्वास घ्यायला जागा उरत नाही. नीट करायचं तर पहिल्या चौकटीत खुंटी टेकलेली आणि व्हँपायरच्या चेहऱ्यावर ‘अरेच्चा’. पुढच्या, जराशा अरुंद चौकटीत माणसाच्या आकाराची धूळ. आणि तिच्या मागे, इतका वेळ व्हँपायरने झाकलेली बफी. मधली जी पांढरी पट्टी आहे, तोच तो सेकंद. फोनवर एकेक चौकट मोठी करून वाचणाऱ्यांना ती पट्टी दिसतच नाही आणि मग ते म्हणतात, मारामारीत दम नाही.

धक्क्याचंही तसंच आहे. इंग्रजी कॉमिकचं पहिलं पान उजवीकडे असतं, म्हणजे पान उलटल्यावर समोर येतं ते सम आकड्याचं. दचकवायचं असेल तर ते चित्र सम पानावर हवं. विषम पानावर ठेवलं तर शेजारचं पान वाचत असतानाच डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतं आणि सगळं फुकट जातं. हे सगळं मोजूनमापून केलेलं असतं. आणि म्हणे कुठूनही वाच!

(पुढे कथानक फुटणार आहे. वाचायचं असेल तर इथे थांबा.)

आता जरा शांतपणे लिहिते, कारण आठव्या सीझनमध्ये सगळंच सोनं आहे असं माझं म्हणणं नाही. ट्वायलाइट हा मुखवट्याआडचा शत्रू म्हणजे एंजेल, बफीचा जुना प्रियकर आणि आत्मा असलेला व्हँपायर, हे ३३व्या अंकात उघड होतं. ते नाव अंक येण्याआधीच फुटलं, इतक्या महिन्यांची बांधणी पाण्यात गेली. ३४व्या अंकात बफी आणि एंजेल आकाशात जे काही करतात त्याची बाजू मी कुणापुढेही घेणार नाही. शिवाय त्या वेळी बफीच्या कॉमिकचे हक्क डार्क हॉर्स या प्रकाशकाकडे आणि एंजेलचे आयडीडब्ल्यू या दुसऱ्या प्रकाशकाकडे होते. एंजेलच्या टीव्ही मालिकेनंतरची गोष्ट, ती लॉस एंजेलिस नरकात गेल्याची, १७ अंकांत दुसरीकडेच चालू होती. दोन घरांत वाटलेला एकच माणूस! एका घरात तो शहर वाचवतोय, दुसऱ्या घरात मुखवटा घालून बफीच्या स्लेअर मुलींवर उठलाय, आणि हे असं का, याचा धागा वाचणाऱ्याने आपला आपण जुळवायचा. २०११मध्ये एंजेल डार्क हॉर्सकडे परत आला आणि नवव्या सीझनबरोबर फेथ या दुसऱ्या स्लेअरला घेऊन त्याची २५ अंकांची मालिका निघाली, तेव्हा कुठे त्याला न्याय मिळाला. ती जरूर वाचा. माझ्या मते ती बफीच्या नवव्या सीझनपेक्षा सरस आहे.

व्हीडनचं नाव घेताना आता पूर्वीसारखं वाटत नाही. मालिकेतली अभिनेत्री करिश्मा कार्पेंटरने त्याच्या सेटवरच्या वागणुकीबद्दल २०२१मध्ये जाहीरपणे जे लिहिलं, ते वाचल्यावर कसं वाटेल? मी या अंकांबद्दल बोलते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पेन्सिल, शाई, रंग आणि अक्षरं करणारे लोक असतात. त्यांचं काम आहे हे.

आणि ३९वा अंक. एंजेलच्या अंगात ‘ट्वायलाइट’ ही शक्ती शिरलेली असताना तो बफीचा गुरू जाइल्स याची मान मोडतो. दुसऱ्या सीझनमध्ये, १९९८ साली, आत्मा हरवलेल्या एंजेलने जाइल्सची प्रेयसी जेनी कॅलेंडरला असंच मारलं होतं. तीच पद्धत, तेच हात. जेनीला पलंगावर पाहिलेल्या जाइल्सचा चेहरा ज्याने टीव्हीवर पाहिलाय, त्याला त्या पानावर कुणी काही समजावून सांगायची गरज पडत नाही. ज्याने पाहिला नाही, त्याच्यासाठी ते एक म्हातारा मेल्याचं चित्र. भाचीने तो चेहरा पाहिलाय. जेनीच्या वेळी तिने मला रात्री साडेअकराला फोन केला होता. कुठूनही वाचायच्या नादात हे पान तिच्या हातात आधी पडलं असतं तर? या विचारानेच सकाळपासून माझा पारा चढलाय.

दुकानातल्या त्या गृहस्थांचा हेतू वाईट नसणार. मुलगी हिरमुसू नये, एवढंच त्यांच्या मनात असेल. एवढं मानते, त्याहून जास्त नाही.

भाची रविवारी जेवायला येणार आहे. फ्रेचा खंड टेबलावर काढून ठेवलाय, त्याच्याखाली आठव्या सीझनचा पहिला. चौथा कपाटात गेलाय, आणि त्याच्या बाराव्या पानावर तिने खूण म्हणून घातलेलं बसचं तिकीट मी तसंच राहू दिलंय.